जुन्या पिकअपसाठी मागच्या डिफरेन्शियलचे गुणोत्तर कोणते निवडावे?

प्रश्न : सी१०_मालक

सर्व सभासदांना नमस्कार. माझ्याकडे १९८२ सालची शेवरोले सी-१० पिकअप आहे. ५.० लिटरचे व्ही-८ इंजिन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, टीएच-३५० हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि फक्त मागच्या चाकांना चालना, अशी तिची रचना असून टायर २३५/७५ आर १५ या मापाचे आहेत. मागच्या हौसिंगच्या झाकणाला दहा बोल्ट आहेत. पूर्वीच्या मालकाच्या म्हणण्यानुसार आतील क्राउन-पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी २.७३ गुणोत्तराची आहे, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे २.७३ फेरे होतात, परंतु मी ते अजून स्वतः मोजून पाहिलेले नाही.

सपाट रस्त्यावर रिकामी गाडी ताशी १०० किलोमीटरने अत्यंत शांत चालते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अडचण येते ती माल भरल्यावर. मागे साधारण १,००० ते १,२०० किलो वजनाचा ट्रेलर जोडला की चढाला गाडी ताशी ८० किलोमीटरच्या खाली येते, गिअरबॉक्स दुसऱ्या गतीत उतरतो, थोडा वेग मिळाला की पुन्हा तिसऱ्यात जातो आणि लगेच पुन्हा खाली येतो. हे संपूर्ण चढभर चालू राहते. थांबलेल्या स्थितीतून चढावर निघतानाही गाडी फार जड वाटते. इंजिनाचे कॉम्प्रेशन, इग्निशनचे टायमिंग आणि कार्ब्युरेटर या तिन्ही गोष्टी तपासून झाल्या असून त्यांत दोष आढळला नाही.

म्हणून क्राउन-पिनियन बदलण्याचा विचार आहे. ३.०८, ३.४२, ३.७३ आणि ४.१० असे पर्याय मला दिसतात. गाडीचा वापर ढोबळमानाने दोन तृतीयांश रिकामा आणि एक तृतीयांश भारासह आहे. पुढेमागे ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारी वरची गती) असलेला गिअरबॉक्स बसवण्याची इच्छा आहे, पण ते नक्की ठरलेले नाही. अशा परिस्थितीत कोणते गुणोत्तर योग्य ठरेल, आणि या कामात केवळ दातेरी चक्रांची जोडी बदलून भागते की आणखी काही लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : क्राउनपिनियन

नमस्कार. आपण इंजिनाची तपासणी आधी करून मग डिफरेन्शियलकडे वळलात, हा क्रम अगदी योग्य आहे. दमलेल्या इंजिनाला मोठे गुणोत्तर देऊन तात्पुरता आराम मिळतो, मूळ दोष मात्र तसाच राहतो.

सर्वप्रथम आत्ताचे गुणोत्तर खात्रीने माहीत करून घ्यावे. गाडी चाळीस वर्षांहून जुनी आहे, त्यामुळे कारखान्यातून निघालेले डिफरेन्शियल अजून तिच्यात असेलच असे गृहीत धरता येत नाही. ग्लव्ह बॉक्सच्या दारावरील पर्यायांची चिठ्ठी शाबूत असेल, तर तिच्यावर जीयू२ हा संकेत २.७३ साठी, जीयू४ हा ३.०८ साठी, जीयू६ हा ३.४२ साठी आणि जीटी४ हा ३.७३ साठी वापरलेला दिसेल. जी८० असे लिहिलेले असल्यास डिफरेन्शियल लॉक होणाऱ्या प्रकारचे आहे. चिठ्ठी मात्र गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाची स्थिती सांगते, आजची नव्हे, म्हणून प्रत्यक्ष मोजणी टाळू नये. साध्या, म्हणजे लॉक न होणाऱ्या डिफरेन्शियलमध्ये मोजणीची सोपी पद्धत अशी : पुढची दोन्ही चाके आणि मागचे एक चाक ठोकळे लावून पक्के अडवावे, मागचे दुसरे चाक जॅकने उचलून एक्सलखाली भक्कम स्टँड लावावा, गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हातब्रेक सोडावा. मग प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करून उचललेले चाक बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवावे. एक चाक अडवलेले असल्यामुळे दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राउन व्हीलचा एकच फेरा होतो, आणि तेवढ्या वेळात प्रोपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील तेच आपले गुणोत्तर असते. पावणेतीनच्या किंचित आत फेरे झाले, तर ते २.७३ आहे.

आता निवडीविषयी. बहुतेक जण गुणोत्तराच्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच गोंधळ होतो. माझ्या मते प्रश्न उलट्या टोकाने सोडवावा : ज्या वेगाने भार घेऊन गाडी सर्वाधिक चालते त्या वेगाला, सर्वांत वरच्या गतीत, इंजिन किती फेऱ्यांवर असायला हवे, हे आधी ठरवावे. टायर आणि गिअरबॉक्स हे निश्चित झाले, की डिफरेन्शियलचे गुणोत्तर त्यातून आपोआप निघते. ते शेवटी येणारे उत्तर आहे.

आपल्या टायरचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर, म्हणजे जवळपास २८.९ इंच आहे आणि परीघ २.३० मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ७२३ फेरे घेते. टीएच-३५० ची तिसरी गती थेट, म्हणजे एकास एक आहे. त्यामुळे ७२३ ला डिफरेन्शियलच्या गुणोत्तराने गुणले की इंजिनाचे फेरे मिळतात. २.७३ ला ते १,९७० च्या आसपास येतात, ३.०८ ला २,२३०, ३.४२ ला २,४७०, ३.७३ ला २,७०० आणि ४.१० ला २,९६०. प्रत्यक्षात टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरतो आणि भाराखाली टायरची त्रिज्याही किंचित घटते, म्हणून फेरे या हिशेबापेक्षा तीन ते सहा टक्क्यांनी जास्त दिसतील. तुलनेसाठी मात्र हे आकडे पुरेसे आहेत.

आता हाच हिशेब ताशी ८० किलोमीटरला करून पाहावा, कारण आपली अडचण तिथे आहे. २.७३ गुणोत्तराला तिसऱ्या गतीत इंजिन जेमतेम १,५८० फेऱ्यांवर असते. या काळातील ट्रकमधील ५.० लिटर इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क साधारण २,००० ते २,४०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. म्हणजे सर्वाधिक ओढ जेव्हा लागते नेमके तेव्हाच इंजिन त्या पट्ट्याच्या बरेच खाली असते आणि गिअरबॉक्सला दुसऱ्या गतीत उतरण्यावाचून मार्ग राहत नाही. दुसऱ्या गतीचे गुणोत्तर १.५२ असल्याने फेरे एकदम २,४०० वर जातात, ओढ मिळते, वेग वाढतो, तिसरी गती पडते आणि इंजिन पुन्हा १,६०० च्या खाली येते. आपण वर्णन केलेली ये-जा हीच आहे. ३.४२ बसवल्यास ताशी ८० ला तिसऱ्या गतीत इंजिन १,९८० च्या सुमारास राहील आणि मध्यम चढ त्याच गतीत पार पडतील. ३.७३ ला हाच आकडा २,१६० होतो.

निघतानाच्या ओढीचा हिशेब पहिल्या गतीच्या एकूण गुणोत्तरावरून कळतो. टीएच-३५० ची पहिली गती २.५२ आहे, म्हणून आत्ताचे एकूण गुणोत्तर ६.८८ आहे. ३.४२ ला ते ८.६२ आणि ३.७३ ला ९.४० होते. २.७३ वरून ३.४२ वर जाणे म्हणजे प्रत्येक गतीत चाकांपाशी २५ टक्के अधिक ओढ मिळणे, आणि हा फरक गाडी हलताक्षणी जाणवतो.

गिअरबॉक्स तीन गतींचाच राहणार असेल, तर माझे मत ३.४२ ला आहे. ओव्हरड्राइव्ह नक्की येणार असेल तर ३.७३ घ्यावे.

उत्तर २ : लांबपल्ला

क्राउनपिनियन यांचे गणित बिनचूक आहे, तथापि एका बाजूकडे मला लक्ष वेधावेसे वाटते. प्रश्नकर्त्याची गाडी दोन तृतीयांश वेळ रिकामी चालते. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीत ताशी १०० ला २,५०० ते २,६०० फेरे, आणि तेही तासन्‌तास, हा आवाजाचा आणि इंधनाचा प्रश्न आहे. त्या काळात कारखान्याने २.७३ बसवले ते इंधन वाचावे म्हणूनच. मला ३.०८ हा मधला मार्ग वाटतो. ताशी १०० ला २,२३० फेरे, पहिल्या गतीत ७.७६ एकूण गुणोत्तर, आणि लांबच्या प्रवासात आत्ताची शांतताही बरीचशी टिकून राहील. ट्रेलर जोडलेला असताना चढ सुरू होण्यापूर्वीच गिअरचा दांडा हाताने दुसऱ्या गतीत घ्यावा, म्हणजे वरखाली होणे थांबेल.

दुसरी गोष्ट टायरची. टायर बदलण्याचा विचार मनात असेल, तर तो डिफरेन्शियल उघडण्याच्या आधी पक्का करावा. ३१ इंची टायर लावल्यास ३.७३ हे आजच्या टायरवरील ३.४८ सारखे वागेल, आणि आत्ताचे २.७३ तर २.५५ इतके खाली गेल्यासारखे होईल. मोठे टायर लावून नंतर गाडी ओढत नाही म्हणून हळहळणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत.

उत्तर ३ : क्राउनपिनियन

लांबपल्ला यांचा टायरविषयीचा सल्ला सोळा आणे खरा आहे. चढाआधी हाताने दुसरी गती घेण्याची सूचनाही उत्तम आहे. गुणोत्तर कोणतेही असो, भारासह ती सवय गिअरबॉक्सचे आयुष्य वाढवते, कारण सतत गती बदलताना क्लच प्लेटा घासल्या जातात आणि तेल तापते. मात्र ३.०८ विषयी माझे मत निराळे आहे, आणि त्याचे कारण या कामात काय काय लागते यात आहे. प्रश्नकर्त्याने विचारलेल्या दुसऱ्या मुद्द्याचे उत्तरही तेच असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या ८.५ इंची क्राउन व्हीलच्या डिफरेन्शियलमध्ये २.७३ ला क्राउन व्हीलचे ४१ आणि पिनियनचे १५ दात असतात. ३.४२ ला क्राउनचे दात ४१ च राहतात, पिनियनचे १२ होतात. ३.७३ ला पिनियनचे ११ आणि ४.१० ला १०. म्हणजे गुणोत्तर वाढते ते मुख्यत्वे पिनियन लहान झाल्याने. पिनियन लहान झाला की त्याच्या दातांपर्यंत पोहोचण्यासाठी क्राउन व्हील पिनियनच्या मध्यरेषेकडे अधिक सरकावे लागते. क्राउन व्हील ज्या कॅरिअरवर बोल्टने बसते, त्याच्या कडेची जागा ठरलेली असते आणि एका मर्यादेनंतर ती अपुरी पडते. म्हणून कारखान्याने दोन कॅरिअर केले : एक २.५६ आणि त्याखालील गुणोत्तरांसाठी, दुसरा २.७३ आणि त्यावरील गुणोत्तरांसाठी. आपले २.७३ या सीमेच्या वरच्या बाजूला आहे. ३.०८ घ्या किंवा ४.१० घ्या, कॅरिअर तोच चालेल. ज्यांना ही सीमा ओलांडावी लागते त्यांना जुना कॅरिअर ठेवता यावा म्हणून जाड क्राउन व्हीलही मिळतात. ती वापरता येतात, पण खरेदीपूर्वी एक खात्री करून घ्यावी : या एक्सलमध्ये एक्सल शाफ्ट आतील सी आकाराच्या क्लिपांनी अडकवलेले असतात, त्या काढण्या-घालण्यासाठी डिफरेन्शियलची मधली पिन बाहेर सरकवावी लागते, आणि जाड क्राउन व्हीलचे दात कधीकधी त्या पिनेच्या वाटेत येतात.

आता कामाचा हिशेब पाहिला, तर ३.०८ चा पर्याय माझ्या मते मागे पडतो. बेअरिंग, सील, शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बसवण्याचे कष्ट आणि कारागिराचे तास हे सर्व ३.०८ ला लागतात तेवढेच ३.४२ लाही लागतात. ३.०८ मधून मिळणारी वाढ मात्र केवळ १३ टक्के, आणि ३.४२ मधून २५ टक्के. ३.०८ ला ताशी ८० ला इंजिन १,७८० फेऱ्यांवर राहील, म्हणजे टॉर्कच्या पट्ट्याच्या अजूनही खालीच. एवढे काम करून चढावरची ये-जा कायम राहिली, तर ते फार दुःखद होईल.

इंधनाच्या बाबतीत एक समज सर्रास आढळतो, की फेरे कमी म्हणजे खप कमी. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर ते बहुतांशी लागू पडते, भाराखाली मात्र नाही. या गाडीतील चार बॅरलच्या कार्ब्युरेटरमध्ये इंजिनाचा व्हॅक्यूम घसरला की स्प्रिंगच्या जोराने पॉवर पिस्टन वर उचलला जातो, मीटरिंग रॉड जेटमधून वर येतात आणि मिश्रण दाट होते. कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर खोलवर दाबून चालवलेले इंजिन बराच काळ याच दाट मिश्रणावर चालते. तेच वजन तोच चढ थोड्या अधिक फेऱ्यांवर आणि कमी दाबलेल्या ॲक्सिलरेटरने चढले, तर व्हॅक्यूम टिकून राहतो. इनटेक मॅनिफोल्डला साधा व्हॅक्यूम गेज जोडून भारासह एकदा चालवून पाहावे. तिसऱ्या गतीत काटा पाऱ्याच्या दहा इंचांच्या बराच खाली रेंगाळत असेल, तर इंजिन दबून चालले आहे असे समजावे. त्या स्थितीत इग्निशन जास्त पुढे असल्यास ठोके पडण्याचा धोकाही असतो, आणि कमी फेऱ्यांवरचे ते ठोके सायलेन्सरच्या आवाजात ऐकूही येत नाहीत.

उत्तर ४ : चौचाकीचालना

थोडक्यात दोन गोष्टी सांगतो. प्रश्नकर्त्याची गाडी केवळ मागच्या चाकांवर चालणारी आहे, म्हणून काम एकाच डिफरेन्शियलपुरते आहे. परंतु हा धागा वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे चारही चाकांना चालना असलेली के-१० असेल, तर त्यांनी मागचे गुणोत्तर एकट्याने कधीही बदलू नये. पुढचे आणि मागचे गुणोत्तर जवळजवळ सारखेच असावे लागते, ४.०९ आणि ४.१० इतका फरक चालतो. त्याहून मोठा फरक असताना कोरड्या रस्त्यावर चारचाकी चालना जोडली, तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे चालना वाटणारी पेटी) आणि शाफ्ट यांवर पिळ्याचा प्रचंड ताण साठत जातो.

दुसरी गोष्ट कॅरिअरविषयी आहे, आणि ती वेगवेगळ्या बनावटीच्या एक्सलमध्ये वेगळी असते. डाना ४४ मध्ये ही सीमा ३.७३ आणि ३.९२ यांच्यामध्ये आहे, डाना ६० मध्ये ४.१० आणि ४.५६ यांच्यामध्ये. जुन्या फोर्ड पिकअपमधील नऊ इंची एक्सलमध्ये अशी सीमाच नाही, शिवाय तिथे संपूर्ण मधला भाग पुढून बाहेर काढून टेबलावर बसवता येतो. त्यामुळे आपल्या एक्सलची ओळख पटल्याखेरीज कुणीही सुटे भाग मागवू नयेत.

आणि प्रश्नकर्त्यासाठी एक विनंतीवजा सूचना : हौसिंग उघडलेच जाणार आहे, तर जुन्या कॅरिअरच्या जागी लिमिटेड स्लिप प्रकारचा (एकच चाक जागीच फिरू न देणारा) कॅरिअर बसवण्याचा विचार जरूर करावा. बेअरिंग आणि शिम यांचे काम त्याला वेगळे लागत नाही. रिकाम्या पिकअपचे मागचे टोक हलके असते, ओल्या किंवा खडीच्या चढावर एक चाक जागीच फिरू लागते, आणि गुणोत्तर वाढवल्यावर पहिल्या गतीत ते आणखी सहज फिरेल.

उत्तर ५ : सी१०_मालक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजणी केली. उचललेल्या चाकाच्या दोन फेऱ्यांत प्रोपेलर शाफ्टचे पावणेतीनच्या किंचित आत फेरे झाले, आणि ग्लव्ह बॉक्समधील चिठ्ठीवर जीयू२ हा संकेत स्पष्ट वाचता आला. जी८० त्यावर नाही. व्हॅक्यूम गेजही जोडून पाहिला. भारासह तिसऱ्या गतीत काटा बहुतेक वेळ सहा-सातच्या आसपासच राहतो, म्हणजे क्राउनपिनियन यांचे निदान माझ्या गाडीला तंतोतंत लागू पडते.

टायर याच मापाचे राहतील. आता मन ३.४२ आणि ३.७३ यांच्यामध्ये अडकले आहे, कारण ओव्हरड्राइव्हचा मोह सुटत नाही. ७००आर४ हा गिअरबॉक्स पुढे कधी मिळाला, तर ३.४२ घेतल्याचा पश्चात्ताप होईल का? तसेच बसवण्याच्या कामात मी कारागिराकडून कोणत्या गोष्टींचा आग्रह धरावा? स्पीडोमीटर चुकीचा दाखवू लागेल असे ऐकले आहे, त्याचे काय करावे?

उत्तर ६ : लांबपल्ला

व्हॅक्यूमचा आकडा पाहता ३.०८ चा माझा आग्रह मी मागे घेतो. सहा-सातवर चालणाऱ्या इंजिनाला १३ टक्क्यांचा दिलासा पुरणार नाही.

७००आर४ विषयी सांगायचे तर त्याची पहिली गती ३.०६, दुसरी १.६३, तिसरी थेट आणि चौथी ०.७० आहे. यातून एक गोष्ट लक्षात येईल : हा गिअरबॉक्स आत्ताच्या २.७३ ला जोडला असता, तरी पहिल्या गतीचे एकूण गुणोत्तर ८.३५ झाले असते, म्हणजे निघतानाची जवळजवळ तीच सुधारणा. चौथी गती मात्र निरुपयोगी ठरली असती, कारण ताशी १०० ला इंजिन १,४०० च्याही खाली गेले असते. ३.४२ सोबत चौथ्या गतीत १,७३० आणि ३.७३ सोबत १,८९० फेरे येतात. रिकाम्या गाडीला दोन्ही चालतील. ट्रेलरसह तर चौथी गती टाळून तिसऱ्यातच राहावे, कारण त्या गिअरबॉक्सची ओव्हरड्राइव्हची बाजू जड ओढीसाठी नाही. शिवाय त्याची थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल कार्ब्युरेटरशी अचूक जुळवावी लागते. ती सैल राहिली तर आतील तेलाचा दाब कमी पडून क्लच जळतात.

३.४२ आणि ३.७३ यांत फरक केवळ नऊ टक्क्यांचा आहे. ओव्हरड्राइव्हची तारीख ठरलेली नसेल, तर आज जो गिअरबॉक्स गाडीखाली आहे त्याच्यासाठी निवड करावी.

उत्तर ७ : क्राउनपिनियन

लांबपल्ला यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. ३.४२ घ्यावे. ७००आर४ नंतर आला तरी ही जोडी उत्तम चालेल, आणि आला नाही तरी प्रवास त्रासदायक होणार नाही.

कारागिराशी बोलताना पुढील गोष्टी स्पष्ट कराव्यात. क्राउन आणि पिनियन ही घासून जुळवलेली जोडी असते, एकाचे क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन असा मेळ कधीही घालू नये. सर्व बेअरिंग आणि पिनियनचे सील नवीन असावेत. पिनियनची खोली शिमने जुळवावी, पिनियनच्या बेअरिंगचा ताण नवी क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) घालून आणि फिरवण्यास लागणारा जोर मोजूनच ठरवावा. नट अंदाजाने आवळून हे काम होत नाही, आणि स्लीव्ह एकदा जास्त दाबली गेली की नट सैल करून ती सुधारता येत नाही, नवीनच घालावी लागते. त्यानंतर दातांमधील मोकळीक डायल गेजने क्राउनच्या परिघावर निदान तीन-चार ठिकाणी मोजावी. ती साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर असते, तरी आपल्या एक्सलसाठी कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. शेवटी दातांना खुणेचा रंग लावून स्पर्शाचा ठसा पाहावा. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर यायला हवा. टोकाकडे सरकलेला असेल तर पिनियन फार बाहेर आहे, मुळाकडे सरकलेला असेल तर फार आत आहे. हा ठसा झाकण बंद करण्यापूर्वी आपण स्वतः पाहावा, त्याचे छायाचित्र ठेवावे. सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच पायरी, कारण पुढे आवाज आला तर कारण शोधायला तेवढाच पुरावा हाती असतो.

एक धोक्याची सूचना : या एक्सलमध्ये क्राउन व्हीलच्या बोल्टांचे आटे डावे असतात. नेहमीच्या सवयीने सोडवायला गेल्यास ते अधिक आवळले जातात आणि तुटतात.

पहिल्या प्रवासात नव्या दातांमध्ये बरीच उष्णता निर्माण होते. सुरुवातीला पंचवीस-तीस किलोमीटर हलक्या हाताने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, असे दोन-तीनदा करावे. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर जोडू नये. त्यानंतर तेल काढून नवीन भरावे. तेल जीएल-५ दर्जाचे आणि ८०डब्ल्यू-९० असावे. लिमिटेड स्लिपमध्ये क्लच प्लेटांचा प्रकार घेतल्यास त्याच्यासाठीचे घर्षण कमी करणारे मिश्रणही त्यात घालावे लागते, अन्यथा वळणावर गाडी खडखडते. काढलेल्या तेलात बारीक राखाडी चुरा असणे स्वाभाविक आहे. चकत्या किंवा टोकदार कण दिसल्यास मात्र गाडी चालवू नये, झाकण उघडावे.

प्रोपेलर शाफ्ट आता प्रत्येक वेगाला २५ टक्के जास्त फेऱ्यांनी फिरेल, त्यामुळे आजवर न जाणवलेला असमतोल किंवा झिजलेला युनिव्हर्सल जॉइंट ताशी ९० च्या पुढे थरथरीच्या रूपाने समोर येऊ शकतो. शाफ्ट खाली उतरवलेला असतानाच त्याचे दोन्ही जॉइंट तपासून घ्यावेत.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून चालते, चाकांवरून नव्हे. म्हणून बदलानंतर प्रत्यक्ष वेग ८० असताना काटा १०० दाखवेल, आणि किलोमीटरची नोंदही त्याच प्रमाणात फुगेल. उपाय सोपा आहे : गिअरबॉक्सच्या शेपटाजवळ केबल जिथे घुसते तिथे एका बाहीत प्लास्टिकचे छोटे दातेरी चक्र असते. त्याचे आत्ताचे दात मोजावेत आणि त्या संख्येला १.२५ ने गुणून येणाऱ्या जवळच्या संख्येचे चक्र बसवावे. १६ दातांचे असेल तर २० चे लागेल. दात वाढले की चक्राचा व्यास वाढतो, म्हणून काही वेळा बाहीसुद्धा वेगळी घ्यावी लागते, आणि तेवढे मोठे चक्र मिळाले नाही तर आतील शाफ्टवरचे चालक चक्र बदलावे लागते. चक्र बदलल्यावर किलोमीटरच्या दगडांवरून किंवा जीपीएसवरून काटा पडताळून पाहावा. त्या पडताळणीपर्यंत वरचा ८०० चा हिशेब स्पीडोमीटरवरून धरायचा असेल, तर त्यावर १,००० दिसेपर्यंत थांबावे.